नवमीचं अस्वल

अख्ख्या तंजावर जिल्ह्यात बर्फात उतरायची जय्यत तयारी असलेला एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. कुंभकोणममध्ये पारा पंचविसाच्या खाली आला की लोक कानांना मफलर गुंडाळून ‘यंदा थंडी फार’ असं एकमेकांना सांगतात. त्याच गावात मामांच्या कपाटात उणे तीस अंशांत चालणारे हातमोजे आहेत, तेही दोन जोड. आतले पातळ, बाहेरचे जाड. दोन कशाला, हे विचारायची सोय नाही. मी एकदा विचारलं होतं. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि उत्तर संपलं तेव्हा मामी पानं वाढून तिसऱ्यांदा हाका मारत होत्या.

मी मूळचा साताऱ्याचा. बायको इथली, दातांची डॉक्टर. दवाखान्याची खुर्ची उचलून साताऱ्याला नेता येत नाही, लॅपटॉप मात्र कुठेही नेता येतो, या साध्या हिशेबानं मी घरजावई झालो, आणि राहतो मामांच्याच घरात. बायकोचं माहेर म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी मराठी राजांच्या मागोमाग इकडे आलेलं आणि परत जायचं राहूनच गेलेलं घराणं. दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ, आत आलं की मराठी. पण तीही पणजोबांच्या पेटीतून काढलेली, घडीसुद्धा न मोडलेली. मामांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, “जावईबापू, कॉफी घेतां कीं नाहीं?” आणि मला उगाचच कमरेला तलवार नसल्याचं वाईट वाटलं. माझ्या मराठीबद्दल त्यांचंही मत काही बरं नव्हतं. “तुमची मराठी चांगली आहे,” ते म्हणाले, “पण फार घाईची. कोणी मागें लागल्यासारखी.”

मामांचा बर्फाशी संबंध त्यांच्या जन्माआधीपासूनचा. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, महामहम तळ्यापासून दोन गल्ल्या सोडून फोटो स्टुडिओ होता. बाकीच्या स्टुडिओत मागच्या पडद्यावर ताजमहाल असे, नाहीतर कमळांचं तळं. अप्पांच्या पडद्यावर बर्फाचे डोंगर होते आणि उजव्या कोपऱ्यात पाय दुमडून बसलेलं एक पांढरं अस्वल. अप्पांनी जन्मात बर्फ पाहिला तो सरबतातला. पडदा रंगवणाऱ्या पेंटरनं तर तोही नीट पाहिला असेल की नाही, देव जाणे. पण उकाड्यानं कावलेलं गिऱ्हाईक त्या पडद्यासमोर बसलं की त्याला गार वाटतं, असा अप्पांचा दावा होता. त्यामुळे या गावातल्या एका अख्ख्या पिढीची लग्नं, बारशी, साठीशांती झाली कुंभकोणमला आणि फोटो निघाले उत्तर ध्रुवावर. कपाळावरून घाम ओघळतोय, रेशमी साडी अंगाला चिकटलीय, आणि मागे हिमनग! माझ्या सासूबाईंच्या लग्नाच्या फोटोत तर सासरे रुमालानं मान पुसताना सापडले आहेत.

मामांचं लग्न झालं तेव्हा अप्पांनी सूनबाईंना त्याच पडद्यासमोर उभं केलं. मामी तेव्हा नव्या नवरी. सासरच्या माणसांसमोर अजून एक शब्दही बोललेल्या नव्हत्या. त्यांनी पडद्याकडे नीट निरखून पाहिलं आणि लग्नानंतरचं पहिलं वाक्य उच्चारलं: “हें वासरूं बर्फांत कां बसविलें?”

अप्पा पोट धरधरून हसले. मामा हसले नाहीत. तेव्हापासून चाळीस-बेचाळीस वर्षं या घरात तो वाद चालू आहे. मामींचं म्हणणं, तो पेंटर जन्मभर देवळांच्या भिंतींवर कृष्णाच्या गाई रंगवत आलेला, बसलेलं जनावर म्हटलं की त्याच्या हातून वासरूच उतरणार. मामांचं म्हणणं, बसलेलं पांढरं अस्वल तस्संच दिसतं. “तुम्हीं पाहिलें आहे?” “नाहीं.” “मग वासरूं.” एवढ्या तीन वाक्यांत तो खटला दर वेळी निकालात निघे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीबरोबर पुन्हा उभा राही. तसं पाहिलं तर मामींनी मामांच्या कुठल्याच म्हणण्याला कधी होकार दिलेला नाही. मामा म्हणाले ऊन आहे, की मामी म्हणणार, “ऊन कुठें, झळ आहे ती.” प्रेम नाही असं नव्हे. होकार देण्याची पद्धत नाही, एवढंच.

आणि मग एका वर्षी बुरशी आली. इथला पाऊस ऐन दिवाळीच्या सुमाराला जोर धरतो. कावेरीच्या काठची दमट हवा, त्यात तीन आठवडे झड. अप्पा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, त्यांच्या उशापायथ्याशी धावण्यात महिनाभर स्टुडिओचं दार उघडलंच नाही. उघडलं तेव्हा पडद्यावर हिरवे-काळे डाग धरले होते, डब्यांतल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून त्यांच्या वड्या झाल्या होत्या. अप्पांच्या उभ्या आयुष्याचं काम असं एका महिन्यात गेलं. मामा-मामींच्या लग्नाचा एकच फोटो कसाबसा वाचला आणि त्यातही बुरशीनं नेमका उजवा कोपरा खाल्ला. म्हणजे नवरा शाबूत, नवरी शाबूत, अस्वल साफ! वादातला मुद्देमालच नाहीसा झाला. पुढे तो फोटोही हळूहळू काचेला चिकटत गेला, तेव्हा मामांनी तो भिंतीवरून उतरवून ट्रंकेत ठेवला. खिळा तसाच राहिला. झोपाळ्यासमोरच्या भिंतीवर तो रिकामा खिळा मी लग्न होऊन आलो तेव्हापासून पाहत होतो. दुसरं काही टांगायचं सुचवलं की मामी म्हणायच्या, “ती जागा घेतलेली आहे.”

तर बुरशी ही मामांची जन्माची वैरीण. तुम्ही त्यांना घरी जेवायला बोलावलंत तर ते आधी तुमच्या भिंतींचा वास घेतील. माझ्या एका चुलतभावाच्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये त्यांनी सत्यनारायणाला बसलेल्या जोडप्याच्या मागची भिंत हुंगली आणि प्रसाद हातात पडायच्या आत निकाल दिला, “दोन वर्षें.” देवघराच्या फळीवर त्यांनी हवेतला दमटपणा दाखवणारं एक यंत्र टांगलंय. सकाळी आंघोळ करून आले की आधी त्याचं दर्शन, मग देवांचं. “आज पंच्यायशीं!” असं ते अशा आवाजात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणाला ताप भरलाय. लेन्स ठेवायला इथल्या पितळी भांड्यांच्या बाजारातून त्यांनी घट्ट झाकणाचा भलाथोरला डबा आणला, एरवी ज्यात लग्नाचे लाडू भरतात तो. त्यात मलमलीच्या पुरचुंड्या, पुरचुंड्यांत कढईत भाजलेले तांदूळ. ते ओल ओढून घेतात. दर पंधरा दिवसांनी पुरचुंड्या सोडायच्या, तांदूळ पुन्हा भाजायचे, पुन्हा बांधायच्या. जुने झालेले तांदूळ फेकायचे नाहीत, ते मामी सांडग्यांत घालत. माझ्या पहिल्या दिवाळसणाला सांडगा कुस्करलेल्या सांबार-भाताच्या दुसऱ्या घासाला माझ्या दाताखाली काहीतरी गोल, काळं, टणक आलं. मी ते हळूच पानाच्या कडेला ठेवलं. मामांनी झडप घातली. “सांपडलें!” ते म्हणाले. “जुन्या कॅमेऱ्याचें बटण. भिजलें तरी चालतें, जावईबापू, चिंता करूं नका.” माझ्या दाताची चिंता कुणी केली नाही, आणि त्यांची भाची दातांची डॉक्टर!

वयाची पासष्टी उलटली तेव्हा मामांनी स्टुडिओची जागा एका मोबाइलवाल्याला विकली आणि त्याच संध्याकाळी झोपाळ्यावर बसून जाहीर केलं की आपण उत्तरेच्या बर्फात, जिथे पांढरी अस्वलं राहतात तिथे, फोटो काढायला जाणार. बोट असते, बारा-पंधरा फोटोवाले असतात, वाटाड्या असतो. हंगामातली शेवटची फेरी स्वस्त पडते. एकदाच जायचं. पुन्हा वय नाही, पुन्हा विकायला जागा नाही. सगळे मामींकडे पाहू लागलो. मामी शेंगा सोलत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. “जा,” म्हणाल्या. “पण बसलेलें आणा. उभें असलेलें मज नको.” मामांनी समोरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. “तिथें लावूं,” म्हणाले. बस्स, करार झाला.

पुढचं दीड वर्ष त्या घरात माणसं राहत नव्हती, सामान राहत होतं. कुठला कॅमेरा न्यायचा यावर आमच्या घरात जेवढी खलबतं झाली तेवढी माझ्या बायकोच्या स्थळाबद्दल झाली नसतील. कॅमेरे दोनच, कारण बर्फात लेन्स बदलायची नाही. आत हिमकण गेला की संपलं. एकाला रुंद लेन्स कायमची, दुसऱ्याला लांब कायमची. मामा याला ‘दोन संसार’ म्हणत. कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या स्टँडचे, मामांच्या भाषेत तिकाटण्याचे, पाय नुसते धातूचे, त्यांना उघडा हात लागला की कातडी चिकटते. म्हणून मामींच्या जुन्या रेशमी साडीचे काठ फाडून पायांना गुंडाळले. खाली टोकदार खूर हवे होते, बर्फात रुतायला. ते मिळेनात. मग मला स्कूटरवर घेऊन मामा स्वामीमलैला गेले, मूर्ती ओतणाऱ्या एका ओळखीच्या स्थपतींकडे. त्यांना काम समजावून सांगितलं. स्थपतींनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पंधरा दिवसांनी तीन पंचलोही खूर दिले. प्रत्येकाला टोक होतं, आणि टोकाच्या वर पाकळ्यापाकळ्यांचं सुबक कमळ. मी कपाळाला हात लावला. स्थपती शांतपणे म्हणाले, “उभं राहणाऱ्याला पायाखाली पद्मपीठ नको? आमच्या घरात पीठाशिवाय काही ओतत नाहीत.” मामांना ते इतकं पटलं की परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवर कमळं मांडीवर घेऊन बसले होते. त्या कमळांचं वजन पुढे आम्हाला महागात पडणार होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

मग रंगीत तालमी सुरू झाल्या. ऐन मे महिन्यात. तिरुनागेश्वरमच्या रस्त्याला एका आइस्क्रीमच्या घाऊक व्यापाऱ्याची थंडखोली आहे, तो लग्नसराईत फोटो काढून घेणारं मामांचं जुनं गिऱ्हाईक. मामा घरूनच तयारीनं निघत: दोन पायजमे, लोकरीचे तीन थर, वर कोट, माकडटोपी, चार हातमोजे. चाळीस अंशांत, माझ्या स्कूटरवर. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं एकदा मला कळवळून विचारलं, “सार, आजोबांना कुठल्या हॉस्पिटलला नेताय?” थंडखोलीत मामा व्हॅनिलाच्या खोक्यांवर तास-तासभर बसत आणि जाड हातमोज्यांनी बटणं फिरवण्याचा सराव करत. थंडीत बॅटऱ्या मान टाकतात, म्हणून त्या अंगाच्या उबेत ठेवायच्या. त्यासाठी त्यांनी आपल्या आईची पानाची चंची शोधून काढली आणि कमरेला बांधली. कोटाच्या आत हात घालून ते बॅटरी अशी काढत, की समोरच्याला वाटे आता पान पुढे करतील. खरी मजा बाहेर आल्यावर. गार कॅमेरा उबेत आणला की त्याला आतून-बाहेरून घाम फुटतो आणि मग बुरशी. त्यामुळे थंडखोलीतच त्याला प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा आणि बाहेर आल्यावर दोन तास पिशवीला हात लावायचा नाही. घरी आल्यावर ती पिशवी ओसरीवर ठेवून मामा जाणाऱ्या-येणाऱ्याला बजावत, “शिवूं नका! कॅमेरा सोवळ्यांत आहे.” मी एकदा कामाच्या नादात पिशवी बाजूला सरकवली. मामा मला काही बोलले नाहीत. फक्त आत जाऊन मामींना म्हणाले, “साताऱ्याकडे हें पाळत नाहींत काय?”

निघायच्या आधी तीन दिवस वजनकाटा घरात आला. विमानात हातातल्या सामानाला मर्यादा, आणि मामांनी कॅमेरे दुसऱ्या कुणाच्या हाती देणं म्हणजे… जाऊ द्या. कोपऱ्यावरच्या वाण्याचा तराजू आणला. चकल्या गेल्या, दुसरा टॉवेल गेला, दाढीच्या सामानाचा डबा गेला आणि दाढी वाढवायचं ठरलं. कमळं काढा म्हटलं तर मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. शेवटी थोडक्यानं अडलं. भाजलेल्या तांदळाची आणखी एक पुरचुंडी न्यायची होती आणि काटा हलेना. मामांनी बॅगेच्या कप्प्यातून पंचांग काढलं, हातावर तोललं आणि बाहेर ठेवलं. मामी चमकल्या. मामा रोज सकाळी तिथी पाहिल्याशिवाय नखंसुद्धा कापत नाहीत. “अहो, मग तिथि कशी कळायची?” मामा पुरचुंडी कप्प्यात कोंबत म्हणाले, “तूं आहेस कीं फोनवर.” मामींनी एका लहानशा डबीत कुंकू, गंध, अक्षता भरून ती डबी त्यांच्या कोटाच्या खिशात टाकली. तिचं वजन कुणी केलं नाही.

मामा गेले. घर एकदम मोठं झालं. देवघरातलं यंत्र मामी रोज आमच्यासाठी मोठ्यानं वाचत, “आज ऐंशी,” आणि मग स्वतःवरच चिडत. फोन कधी लागे, कधी नाही. लागला की मामा पहिल्यांदा काचांची खुशाली सांगत, मग स्वतःची. बोटीवर हवा इतकी कोरडी की बुरशीचं नाव नाही, हे त्यांनी एका फोनमध्ये तीनदा सांगितलं. अस्वल अजून नाही. चार दिवस धुकं. पाचव्या दिवशी लांबवर एक दिसलं, पण चालतं, पाठमोरं. “तें नको,” मामा म्हणाले. “बसलेलें हवें.” इकडे मंगळवारी मामींनी फोन लावला आणि एकच निरोप दिला, “उद्यां खंडेनवमी. आयुधें मांडा. दशमीस उचला.”

आता हे साताऱ्यालाही करतात, नाही असं नाही. पण इथली गोष्ट वेगळी. त्या दिवशी या गावात बस, रिक्षा, शिवणयंत्रं, तराजू, सगळ्यांना हार पडतात, गंध लागतं, कुरमुऱ्यांची पुडी समोर येते, आणि एकदा पूजा झाली की नवमी सरेपर्यंत हत्याराला कुणी हात लावत नाही. न्हावी वस्तरा धरत नाही. माझ्या बायकोनं एका वर्षी ठणकत्या दाढेच्या माणसाला गोळी देऊन परत पाठवलं होतं. मामांच्या घरात तर हा नेम अप्पांच्या वेळेपासून. वर्षभर राबणाऱ्या कॅमेऱ्यांचा तो एक दिवस.

मामा परत आले ते गालांवर सोललेली कातडी आणि हनुवटीवर पांढरे खुंट घेऊन. ओसरीवर पाऊल टाकलं, पायांवर पाणी घेतलं, झोपाळ्यावर बसले. मामींनी कॉफीचा पेला हातात दिला आणि विचारलं, “बसलेलें आणलें?”

मामा बराच वेळ कॉफी ओतत राहिले, पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात. मग म्हणाले, “बसलेलें पाहिलें.”

आणि मग त्यांनी सांगितलं. बुधवारी सकाळी त्यांनी केबिनमधल्या पलंगावर सगळं मांडलं: दोन्ही कॅमेरे, तिकाटणं कमळांसकट, बॅटऱ्यांची चंची. मोबाइलही मांडला, कारण त्यातही कॅमेरा आहे. “काचेस गंध नाहीं लाविलें,” त्यांनी मला मुद्दाम सांगितलं, “मी काय वेडा आहें?” कुरमुरे नव्हते म्हणून नाश्त्याच्या टेबलावरचे मक्याचे पोहे ठेवले. निरांजन लावलं असतं तर आगीची घंटा वाजली असती, म्हणून टॉर्च ओवाळला. जेवण झाल्यावर हातपाय पसरले होते तोच कर्ण्यावरून हाक आली. सगळे धावत वर गेले, मामाही गेले. समोर, शे-दोनशे पावलांच्या पलीकडे, बर्फाच्या एका तुकड्यावर अस्वल. आणि तें बसलेलें, पाय दुमडून. धुकं हटलेलं, ऊन पडलेलं. पंधरा कॅमेरे कडाकड वाजत होते आणि मामा दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभे होते. शेजारच्या केबिनमधल्या एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंना वाटलं, यांचा कॅमेरा बिघडला. त्यांनी आपल्याकडचा दुसरा पुढे केला. मामांनी हात जोडले. “आयुध तुमचें आहे, पण हात माझेच,” असं त्यांनी बाईंना कुठल्या भाषेत सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. वाटाड्याची दुर्बीण तेवढी घेतली, कारण ती बघायची वस्तू, त्यांच्या धंद्यातलं हत्यार नव्हे. आणि अस्वल उठून पाण्यात जाईपर्यंत, चांगला तासभर, ते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी, दशमीला, पूजा उतरवून ते पहाटेपासून डेकवर उभे होते. धुकं परत आलं होतं. पुन्हा अस्वल दिसलं नाही.

मी ओरडलोच. मला राहवेना. ऐन मे महिन्यात स्कूटरवरून माकडटोपी वाहिली होती मी! “मामा, अहो, एक फोटो! एक बटण! देवानं काय बोटीवर येऊन पाहिलं असतं?” मामांनी पेला खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. “जावईबापू,” ते म्हणाले, “अप्पांचें घर कॅमेऱ्यांनीं चालविलें, माझें त्यांनींच चालविलें. तीनशें चौसष्ट दिवस मी मागतों, ते देतात. एक दिवस त्यांचा. माझें काम आहे म्हणून तोही घेऊं?” मामी आत निघून गेल्या. त्या भांडल्या नाहीत, याचीच मला धास्ती वाटली.

पुढचे दिवस वाईट गेले. बर्फाचे, पक्ष्यांचे, निळ्या हिमनगांचे हजारो फोटो होते, आणि मी पैजेवर सांगतो, देखणे होते. मामांनी ते उघडूनही पाहिले नाहीत. देवघरातलं यंत्र नव्वदीला टेकलं तरी ते आकडा सांगेनात. पुरचुंड्या भाजायचा दिवस आला आणि गेला. झोपाळ्यावर बसून ते समोरच्या खिळ्याकडे बघत राहत, आणि मामी त्यांच्याकडे.

एका दुपारी मामींनी मला स्वयंपाकघरात हाक मारली. रोज एक पान फाडायचं ते तमिळ कॅलेंडर तिथे दाराजवळ टांगलेलं असतं. फाटलेली पानं मामी टाकत नाहीत, त्यांच्या पुड्या बांधतात. त्यांच्या हातात एक सुरकुतलेलं पान होतं. “तिथें जेवण झालें, दुपारचा एक वाजला,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तर इथें किती?” मी मनात हिशेब केला. “साडेचार, मामी.” त्यांनी पान माझ्यासमोर धरलं. तो बुधवार होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, नवमी दुपारी अडीचपर्यंत, नंतर दशमी.

मला एकदम कळलं. अस्वल आलं तेव्हा दशमी लागून दोन तास झाले होते. मामी गोविंदपुरमला भजनाला गेल्या होत्या, तिथे ओळखीच्या शास्त्रीबुवांना त्या आडून विचारूनही आल्या होत्या. प्रवासात असलेल्यानं नवमी सरल्यावर अक्षता टाकून हत्यार उचललं तर काही बाधा नाही, असं ते म्हणाले होते. पंचांग असतं तर मामांनी पाहिलं असतं. त्यांच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. पण पंचांग इथे कपाटावर होतं आणि त्याच्या जागी तांदळाची पुरचुंडी ध्रुवावर गेली होती.

“ते म्हणाले, तूं आहेस कीं फोनवर,” मामी म्हणाल्या. “आणि मी नुसती नवमी सांगितली. कितीपर्यंत, तें पाहिलेंच नाहीं. पान इथें होतें, माझ्या डोक्याशीं.” बाई रडत नव्हत्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मग त्यांनी ते पान चार घड्या करून चुलीवरच्या तव्याखाली सरकवलं, गॅस पेटवला आणि पानाची राख होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. “जावईबापू,” त्या वळून म्हणाल्या, “त्यांस सांगूं नका. गेलेली तिथि ते पंचांगांत उलटून पाहत नाहींत. त्यांनीं नेम पाळला असें त्यांस वाटतें. तेवढेंच त्यांनीं तिथून आणलें आहे.”

पंधरा-वीस दिवसांनी माझ्या ईमेलवर एक फोटो आला. बोटीवरच्या त्या मास्तरीणबाईंनी पाठवलेला. मामांनी बोटीवर सगळ्यांना माझा पत्ता दिला होता. मी तो मोठा छापून घेतला. बोटीचा कठडा, कठड्याशी एक पाठमोरा माणूस, माकडटोपी, दुर्बीण एका कुशीशी लोंबतेय आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन नमस्कारासाठी जोडलेले. त्याच्यापलीकडे अफाट पांढरं, आणि उजव्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पिवळसर, पाय दुमडून बसलेलं. मामांनी फोटो उजेडात धरला. मग चष्मा काढून पुसला. “अप्पांनीं बरोबर काढविलें होतें,” म्हणाले. मामींनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. “वासरूंच आहे,” मामी म्हणाल्या, आणि मामा परत आल्यापासून पहिल्यांदा हसले. त्याच संध्याकाळी फोटो खिळ्यावर चढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरातून आवाज आला, “आज अठ्ठ्यायशीं! तांदूळ भाजायला घे!”

आता घरी कुणीही आलं की आधी त्या फोटोकडे बघतं. पाठमोरा कोण, विचारतं. ध्रुवापर्यंत जाऊन हात रिकामे कसे, असंही विचारतं, आणि मामा झोपाळा थांबवून सगळी हकिकत पहिल्यापासून सांगतात, कमळांसकट. शेवटी मान ताठ करून म्हणतात, “काय करणार? नवमी होती.” जन्मात नवऱ्याच्या एका शब्दाला होकार न दिलेल्या मामी तेव्हा जिथे असतील तिथून, स्वयंपाकघरातून, ओसरीवरून, हातातलं काम टाकून दारापर्यंत येतात आणि पाहुण्याला सांगतात, “होय. नवमीच होती. दिवसभर होती.”